विश्लेषण: कृष्णविवराचा फोटो, सांगलीचा रेडिओ आणि उणे २६९ अंशांवर चालणारा 'मिक्सर'

१० एप्रिल २०१९. त्या संध्याकाळी प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच फोटो फिरत होता. काळ्या पार्श्वभूमीवर केशरी रंगाचं धूसर कडं. कुणाला त्यात डोनट दिसला, कुणाला मेदूवडा. तो होता एम८७ या दीर्घिकेच्या मध्यभागी असलेल्या कृष्णविवराचा, म्हणजेच ब्लॅक होलचा, माणसाने मिळवलेला पहिला फोटो. अंतर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं.

पण हा फोटो कुठल्याही कॅमेऱ्याने काढलेला नव्हता. जगभरातल्या आठ रेडिओ दुर्बिणींनी तिथून येणाऱ्या लहरी 'ऐकल्या' आणि त्यातून हे चित्र तयार झालं. या लहरी पकडण्याच्या कामात एका नखावर शेकड्यांनी मावेल इतक्या छोट्या वस्तूचा मोठा वाटा होता. तिचं नाव एसआयएस मिक्सर. अतिसंवाहक धातूंच्या जोडापासून बनलेला हा मिक्सर उणे २६९ अंश सेल्सिअसला काम करतो.

ऐकायला हे सगळं फार लांबचं वाटतं. पण त्यामागची मूळ युक्ती सातारा-सांगलीच्या घराघरांत कित्येक वर्षं फडताळावर ठेवलेली होती. कशी, ते पाहूया.

मिक्सर म्हणजे नेमकं काय?

इथे मिक्सर म्हणजे चटणी वाटायचा नव्हे आणि लग्नातल्या साउंड सिस्टीमचाही नव्हे. रेडिओच्या भाषेत मिक्सर म्हणजे दोन वेगवेगळ्या लहरी एकत्र करून त्यांच्या फरकाइतकी तिसरी, संथ लहर तयार करणारा भाग.

उदाहरण घरचंच घेऊ. आकाशवाणी सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं आणि पुढे अनेक वर्षं श्रोत्यांनी ते मीडियम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झला ऐकलं. म्हणजे केंद्राच्या मनोऱ्यावरून निघणारी लहर एका सेकंदात १२ लाख ५१ हजार वेळा वर-खाली होत होती. रेडिओचा काटा फिरवून तुम्ही सांगली केंद्र लावलंत, की रेडिओच्या आत एक छोटं सर्किट स्वतःची वेगळी लहर तयार करायचं, १७०६ किलोहर्ट्झची. या सर्किटला लोकल ऑसिलेटर म्हणतात. मिक्सर या दोन लहरींची गाठ घालायचा आणि बाहेर पडायचा त्यांचा फरक: १७०६ वजा १२५१, म्हणजे ४५५ किलोहर्ट्झ.

हा ४५५ चा आकडा ठरलेला. तुम्ही सांगली लावा, पुणे लावा की मुंबई लावा, काटा फिरला की लोकल ऑसिलेटरही त्या हिशेबाने बदलतो आणि फरक कायम ४५५ च राहतो. त्यामुळे आतले बाकीचे भाग एकाच फ्रिक्वेन्सीसाठी नीट बनवले की काम झालं. गाणं, बातम्या, शेतीचा सल्ला, जे काही मूळ लहरीवर स्वार होऊन आलेलं असतं, ते जसंच्या तसं या नव्या संथ लहरीवर उतरतं.

ही युक्ती १९१८ मध्ये अमेरिकेच्या एडविन आर्मस्ट्राँग यांनी शोधली. तिचं नाव सुपरहेटरोडाइन. तुमच्या हातातला मोबाइलसुद्धा टॉवरकडून येणारी लहर मिक्सरनेच खाली उतरवून वाचतो.

मिरजेच्या तंबोऱ्यात काय ऐकू येतं?

हीच गोष्ट कानांनी अनुभवायची असेल तर मिरजेला जायला हवं. सतार आणि तंबोऱ्यासाठी मिरजेची ख्याती देशभर आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

तंबोरा लावताना कारागीर किंवा गायक दोन तारा एकत्र छेडतात. एक तार सेकंदाला २०० वेळा कंप पावत असेल आणि दुसरी २०३ वेळा, तर आवाज सलग येत नाही. तो सेकंदाला तीनदा मोठा-लहान होतो, 'वाँऽव वाँऽव' असा हलतो. हे तीन ठोके म्हणजेच दोन तारांमधला फरक. तार जुळत आली की ठोके संथ होत जातात आणि पूर्ण जुळली की थांबतात.

रेडिओतही तत्त्व हेच. पण एक मोठा फरक आहे. दोन लहरी नुसत्या शेजारी-शेजारी वाहिल्या तर फरकाची वेगळी लहर तयार होत नाही. त्यासाठी एखादा 'वाकडा' भाग लागतो. म्हणजे असा भाग, ज्यावर दुप्पट दाब दिला तर प्रवाह बरोब्बर दुप्पट होत नाही. आधी काहीच होत नाही आणि मग एकदम उसळतो. डायोड असाच वागतो. हे वाकडेपण जितकं धारदार, तितका मिक्सर चांगला. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यावर उभी आहे.

मग अवकाशातल्या लहरींची अडचण काय?

अडचणी दोन आहेत: वेग आणि खरखर.

ताऱ्यांचा जन्म होतो त्या थंड ढगांमध्ये कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. तो ठरावीक फ्रिक्वेन्सीवर लहरी सोडतो. त्यातली एक ११५ गिगाहर्ट्झला, दुसरी सुमारे २३०.५ गिगाहर्ट्झला. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी कंपनं. घरातला वायफाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. म्हणजे या लहरी वायफायपेक्षा कित्येक पट वेगवान. कृष्णविवराचा तो फोटोही २३० गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे १.३ मिलिमीटर लांबीच्या लहरींवर घेतला गेला.

साध्या रेडिओत किंवा कमी फ्रिक्वेन्सीच्या दुर्बिणीत आधी सिग्नल मोठा करून घेता येतो आणि मग मिक्सरकडे पाठवता येतो. पण शेकडो गिगाहर्ट्झला पुरेसे शांत अ‍ॅम्प्लिफायर मिळणं फार अवघड. त्यामुळे अवकाशातून आलेला अतिक्षीण सिग्नल थेट मिक्सरवरच येऊन आदळतो. पहिल्याच पायरीवर मिक्सरने स्वतःची खरखर त्यात मिसळली, तर पुढे कितीही महागडी यंत्रं लावा, ती सिग्नलबरोबर खरखरही वाढवत नेतात. दुधात पाणी पहिल्याच घरी पडलं, की डेअरीत ते वेगळं काढता येत नाही.

सुरुवातीला या कामासाठी शॉटकी डायोड नावाचे अर्धसंवाहक डायोड वापरले जात. त्यांनी मोठं काम केलं. अवकाशातला कार्बन मोनॉक्साइड १९७० मध्ये अशाच रिसीव्हरने सापडला. पण त्यांची खरखर जास्त होती. सिग्नल तेवढाच नीट ऐकायला तास न् तास दुर्बीण एकाच जागी रोखून ठेवावी लागे.

'अतिसंवाहक जंक्शन' कसं असतं?

जंक्शन म्हटलं की सांगलीकरांना मिरज आठवतं. इथेही अर्थ तोच: दोन वाटा जिथे मिळतात ती जागा. फक्त इथे मिळतात ते दोन अतिसंवाहक.

काही धातू खूप थंड केले की त्यांचा विजेला होणारा विरोध कमी नव्हे, तर पूर्ण शून्य होतो. १९११ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे हेइके कामरलिंग ओनेस यांनी पाऱ्यामध्ये हे पहिल्यांदा पाहिलं. हीच अतिसंवाहकता. या अवस्थेत इलेक्ट्रॉन एकेकटे फिरत नाहीत, जोड्या करून फिरतात. जोडी फोडायची तर ठरावीक ऊर्जा मोजावी लागते. त्याहून कमी दिली तर जोडी फुटत नाही.

आता दोन अतिसंवाहक थरांच्या मध्ये विद्युतरोधकाचा एक अतिपातळ पापुद्रा ठेवा. झालं आपलं सँडविच. अतिसंवाहक, रोधक, अतिसंवाहक; याच तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडलं एसआयएस. मधला पापुद्रा साधारण एक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीचा जवळपास लाखावा भाग.

रोधक म्हणजे भिंत. मग वीज पलीकडे जाते कशी? खंबाटकी घाट आठवा. कित्येक वर्षं पुण्याहून साताऱ्याला जाताना गाडी घाट चढून उतरायची; साताऱ्याहून पुण्याला येताना मात्र बोगद्यातून थेट पलीकडे निघायची. इलेक्ट्रॉनही असाच ऊर्जेचा डोंगर न चढता पलीकडे पोहोचू शकतो. फरक इतकाच, की इथे कुणी बोगदा खणलेला नसतो. पुंजभौतिकीच्या नियमांनुसार, भिंत पुरेशी पातळ असेल तर इलेक्ट्रॉन पलीकडे सापडण्याची थोडी शक्यता कायम असते. यालाच टनेलिंग म्हणतात.

१९६० मध्ये इव्हार गेव्हर यांनी अतिसंवाहकांमधलं हे टनेलिंग प्रयोगाने दाखवलं. १९६२ मध्ये केंब्रिजमधल्या २२ वर्षांच्या ब्रायन जोसेफसन या विद्यार्थ्याने गणिताने सांगितलं, की फक्त एकटे इलेक्ट्रॉनच नव्हे, तर इलेक्ट्रॉनच्या जोड्याही ही भिंत पार करतील. दोघांनाही लिओ एसाकी यांच्यासोबत १९७३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तिकीट २८ रुपये, खिशात २३

आता मुख्य मुद्दा. या जंक्शनवर हळूहळू व्होल्टेज वाढवत नेलं, तर सुरुवातीला प्रवाह जवळपास वाहतच नाही. नायोबियम धातूच्या जंक्शनला सुमारे २.८ मिलिव्होल्टपर्यंत पोहोचावं लागतं. तिथे पोहोचताच जोड्या फुटतात आणि प्रवाह एकदम उसळतो. मघाशी म्हटलेलं धारदार 'वाकडेपण' ते हेच. साध्या डायोडचा आलेख चढणीसारखा वर जातो; याचा आलेख कड्यासारखा सरळ उठतो.

समजा, एसटीचं तिकीट २८ रुपयांचं आहे आणि तुमच्या खिशात २३ रुपये आहेत. प्रवास होणार नाही. इतक्यात कुणी साडेनऊ रुपये हातावर ठेवले. आता तिकीट निघतं.

जंक्शनमध्ये अगदी हेच घडतं. त्याला मुद्दाम २.३ मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे कड्याच्या अलीकडे थांबवून ठेवतात. मग २३० गिगाहर्ट्झच्या लहरीचा एक फोटॉन, म्हणजे ऊर्जेचं एक पुडकं, येऊन धडकतो. त्याची ऊर्जा सुमारे ०.९५ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट. उणे पडलेली रक्कम भरून निघते आणि एक इलेक्ट्रॉन भिंतीपलीकडे जातो. एक फोटॉन आला, एक इलेक्ट्रॉन गेला. व्यवहार इतका चोख असल्यामुळेच खरखर कमी राहते.

१९६२ मध्ये डेएम आणि मार्टिन यांनी सूक्ष्मलहरी पडल्यावर जंक्शनच्या आलेखात अशा पायऱ्या उमटतात हे पाहिलं. पुढच्याच वर्षी टिएन आणि गॉर्डन यांनी त्याचं कारण मांडलं. पण त्याचा मिक्सर व्हायला १९७९ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत दोन गटांनी स्वतंत्रपणे एसआयएस मिक्सर करून दाखवले. एक बर्कलेमधला पॉल रिचर्ड्स यांचा, दुसरा डोलन, फिलिप्स आणि वुडी यांचा. त्याच वर्षी जॉन टकर यांनी मिक्सिंगचं पुंजसिद्धान्तावर आधारलेलं गणित मांडलं. त्या गणिताने एक अनपेक्षित गोष्ट सांगितली: साधा डायोड मिक्सर सिग्नल थोडा तरी खातोच, पण हा मिक्सर सिग्नल खाली उतरवताना तो वाढवूही शकतो.

खरखर किती कमी होऊ शकते, यालाही निसर्गाने तळ घालून दिला आहे. २३० गिगाहर्ट्झला हा तळ तापमानाच्या भाषेत साधारण ११ केल्विन येतो. चांगले एसआयएस मिक्सर या तळाच्या काही पटींच्या आतच काम करतात.

शिशापासून नायोबियमपर्यंत

सुरुवातीची जंक्शन्स शिशाच्या मिश्रधातूंची होती. ती थंड करा, परत गरम करा, पुन्हा थंड करा, अशा फेऱ्यांत खराब होत. दुर्बिणीवर बसवलेली वस्तू दर काही महिन्यांनी बदलावी लागली तर कसं चालेल?

१९८३ मध्ये बेल लॅब्समध्ये मायकेल गुर्विच आणि सहकाऱ्यांनी उत्तर शोधलं. नायोबियमचा थर, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, त्याला थोडा ऑक्सिजन दाखवून वर बनवलेला ऑक्साइडचा पापुद्रा आणि त्यावर पुन्हा नायोबियम. नायोबियम साधारण ९.२ केल्विनच्या खाली अतिसंवाहक होतो, कणखर असतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. आजही बहुतेक एसआयएस मिक्सर याच पद्धतीचे असतात.

एक गंमत अशी, की जोसेफसन यांना ज्याबद्दल नोबेल मिळालं तो जोड्यांचा प्रवाह या मिक्सरमध्ये नकोसा असतो. त्यामुळे खरखर वाढते. म्हणून जंक्शनजवळ छोटं चुंबकीय क्षेत्र लावून तो मुद्दाम दाबून टाकतात.

नायोबियमलाही मर्यादा आहे. सुमारे ७०० गिगाहर्ट्झच्या वर लहरीच त्यातल्या जोड्या फोडू लागतात आणि सिग्नल वाया जायला लागतो. त्यापुढे नायोबियम टायटॅनियम नायट्राइडसारखी संयुगं मदतीला घेतात.

हे मिक्सर आज कुठे आहेत?

चिलीच्या अटाकामा वाळवंटात, सुमारे ५,००० मीटर उंचीवर आल्मा नावाची ६६ अँटेनांची दुर्बीण आहे. तिचं उद्घाटन मार्च २०१३ मध्ये झालं. ८४ ते ९५० गिगाहर्ट्झपर्यंतच्या तिच्या रिसीव्हरमध्ये एसआयएस मिक्सर आहेत. प्रत्येक अँटेनात हीलियमवर चालणारं शीतयंत्र त्यांना ४ केल्विनच्या आसपास थंड ठेवतं.

कृष्णविवराच्या फोटोसाठी एप्रिल २०१७ मध्ये सहा ठिकाणच्या आठ दुर्बिणींनी एकाच वेळी निरीक्षण केलं, आल्मा त्यांपैकी एक. इथे मिक्सरचा आणखी एक गुण कामी आला. तो लहर फक्त संथ करतो, तिची लय मोडत नाही. कुठली लहर कोणत्या क्षणी, कोणत्या टप्प्यात आली हे शाबूत राहतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी अणुघड्याळाच्या वेळेसह नोंदी हार्ड डिस्कवर साठवून त्या नंतर एकत्र जुळवता आल्या. माहिती इतकी प्रचंड होती, की ती इंटरनेटने पाठवलीच नाही. डिस्क विमानाने न्याव्या लागल्या आणि दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कसाठी तिथला हिवाळा संपायची वाट पाहावी लागली. १२ मे २०२२ रोजी आपल्याच आकाशगंगेतल्या कृष्णविवराचा फोटोही याच निरीक्षणांतून आला.

काम फक्त ताऱ्यांपुरतं नाही. २००९ मध्ये जपानने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर स्माइल्स नावाचं उपकरण पाठवलं. एसआयएस मिक्सर वापरून त्याने २०१० च्या एप्रिलपर्यंत पृथ्वीवरच्या ओझोनचा आणि त्याला खाणाऱ्या क्लोरिनच्या संयुगांचा वेध घेतला.

अशी दुर्बीण सातारा-सांगलीत का नाही?

कारण हवेतली वाफ. पाण्याची वाफ या लहरी पिऊन टाकते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तिथे प्रश्नच नाही. पण मग माण, आटपाडी, जत हे दुष्काळी तालुके? तिथे पाऊस कमी, पण हवा कोरडी म्हणावी इतकी कोरडी नसते. डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ पिळून काढली, तर पावसाळ्यात आपल्याकडे ५० मिलिमीटरच्या आसपास पाणी निघेल. आल्माच्या जागी चांगल्या दिवशी ते एका मिलिमीटरच्या आसपास असतं. इतकी कोरडी हवा फार उंचावरच मिळते. भारतात त्यासाठी नाव येतं लडाखमधल्या हानलेचं, उंची सुमारे ४,५०० मीटर. तिथली हवा २२० गिगाहर्ट्झला किती पारदर्शक आहे, याची मोजणी भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी केलेली आहे.

महाराष्ट्राची मोठी रेडिओ दुर्बीण मात्र जवळच आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. पण ती साधारण १५० ते १४५० मेगाहर्ट्झला ऐकते. या लहरींना वाफ अडवत नाही आणि शांत अ‍ॅम्प्लिफायरही मिळतात. त्यामुळे तिला अतिसंवाहक मिक्सरची गरज पडत नाही.

मग आपला संबंध कुठे?

तोच सँडविच आज वेगळ्या कामासाठी महाराष्ट्रात बनतोय. मिक्सरला नको असलेला जोसेफसन प्रवाह क्वांटम कॉम्प्युटरला मात्र हवा असतो. अ‍ॅल्युमिनियमची तशीच जंक्शन्स, आणखी थंड करून, क्युबिट म्हणून वापरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यातली डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञानाची तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळा आणि मुंबईची टीआयएफआर यांनी सहा क्युबिटच्या अतिसंवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण केल्याचं जाहीर झालं. टीसीएसचाही त्यात सहभाग होता. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. आणि २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेलही जोसेफसन जंक्शनच्या सर्किटवरच्या प्रयोगांसाठीच जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळालं.

म्हणजे साताऱ्यात किंवा सांगलीत बीएस्सी फिजिक्स करणाऱ्या, किंवा वालचंदमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलीसाठी हा विषय आता फक्त चिलीच्या वाळवंटातला राहिलेला नाही. पुणे आणि मुंबईतल्या प्रयोगशाळांत त्यावर काम सुरू आहे. तिथे थंड यंत्रं सांभाळणारे, सूक्ष्मलहरींची सर्किटं जुळवणारे आणि खरखर मोजणारे हात लागतात. जॅम, जेस्ट, गेट या परीक्षा त्याच वाटेवरच्या आहेत.

थोडक्यात

• मिक्सर दोन लहरींच्या फरकाची संथ लहर तयार करतो. सांगली केंद्र लावणारा रेडिओ आणि आल्मा, दोन्हीत हीच युक्ती आहे.

• शेकडो गिगाहर्ट्झला सिग्नल आधी वाढवून घेणं अवघड, म्हणून मिक्सरच अत्यंत शांत असावा लागतो.

• एसआयएस मिक्सर म्हणजे दोन अतिसंवाहकांमध्ये एक नॅनोमीटरचा रोधक. एक फोटॉन, एक इलेक्ट्रॉन असा त्याचा हिशेब.

• हेच जंक्शन वेगळ्या रीतीने वापरलं, की क्वांटम कॉम्प्युटरचा क्युबिट होतो.

घरात जुना ट्रान्झिस्टर पडला असेल तर एकदा सेल घालून मीडियम वेव्हवर काटा फिरवून पाहा. स्टेशन लागण्याआधी जी शीळ ऐकू येते, ती दोन लहरींच्या फरकाचीच असते. कृष्णविवराचा फोटो अशाच फरकांमधून जुळवलेला आहे.